रूट कॅनल झालेल्या दाताला आतून ब्लीच केलं, तर तो कमकुवत होतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. चौदाव्या वर्षी क्रिकेटचा चेंडू लागून तुमचा वरचा पुढचा दात हलला. दोन-तीन वर्षांनी त्याचं रूट कॅनल झालं. आता एकोणतिसाव्या वर्षी तो दात शेजारच्या दाताच्या तुलनेत करडा-तपकिरी दिसतो. एका डॉक्टरांनी आतून ब्लीच करू, म्हणजे दात उघडून आत रंग घालवणारं औषध ठेवू, असं म्हटलं. दुसऱ्यांनी सांगितलं की रूट कॅनलचा दात आधीच ठिसूळ असतो, ब्लीच केलं तर मोडेल, त्यापेक्षा सरळ कॅप बसवा. आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की ब्लीचमुळे दाताची ताकद खरोखर किती कमी होते.

एका शब्दात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येणार नाही. रसायन कोणतं, किती तीव्र, किती दिवस ठेवलं आणि नंतर आतली पोकळी कशाने भरली, यावर ते ठरतं. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे तुमच्या दाताबद्दल शेवटचा शब्द तो प्रत्यक्ष तपासणाऱ्यांचाच. पण माझं मत आत्ताच सांगून टाकते. पुढचा दात आहे, चारही बाजूंच्या भिंती बऱ्यापैकी शाबूत आहेत, रूट कॅनल नीट भरलेलं आहे, अशा परिस्थितीत ब्लीचला घाबरून कॅप बसवणं हा उलटा हिशेब आहे. कॅप बसवायची तर दात चारही बाजूंनी घासावा लागतो, आणि त्या घासण्यात दाताचं जे जातं ते पुन्हा मिळत नाही.

आता ‘रूट कॅनलचा दात ठिसूळच’ या समजाबद्दल. नस गेली, दात सुकला, म्हणून तो काचेसारखा तडकतो, असं रुग्णच काय, काही डॉक्टरही मानतात. हे तपासण्यासाठी सेजली आणि मेसर यांनी 1992 साली एक साधा पण चोख प्रयोग प्रसिद्ध केला. रूट कॅनल होऊन सरासरी दहा वर्षं झालेले 23 दात त्यांनी घेतले आणि प्रत्येकाची तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूच्या जिवंत जोडीदार दाताशी केली. जिवंत दातांचं डेंटिन (एनॅमलच्या, म्हणजे बाहेरच्या कठीण कवचाच्या, आतला दाताचा मुख्य भाग) जेमतेम साडेतीन टक्के जास्त कठीण भरलं. बाकी यांत्रिक गुणधर्मांत दखल घ्यावी असा फरक नव्हता. म्हणजे नस काढल्यामुळे दाताचा पदार्थ बदलून जात नाही.

मग रूट कॅनलचे दात मोडतात का? मोडतात, आणि तेही पुष्कळ. कारण ते रूट कॅनलपर्यंत पोचतात तेव्हाच किडीने, अपघाताने किंवा जुन्या मोठ्या फिलिंगने त्यांचा बराच भाग गेलेला असतो. 1989 साली री आणि सहकाऱ्यांनी उपदाढांवर केलेल्या मापनात हे फार स्पष्ट दिसतं. रूट कॅनलसाठी दात उघडल्यामुळे त्याचा ताठपणा सुमारे 5 टक्क्यांनी घटला. वरच्या बाजूने चावण्याच्या पृष्ठभागावर फिलिंगसाठी खड्डा केला तेव्हा 20 टक्क्यांनी. आणि दोन्ही शेजारच्या कडा कापून आरपार खड्डा केला तेव्हा तब्बल 63 टक्क्यांनी. ताकद ठरते ती किती दात उरला यावर. रुग्णाने दात दाखवला की मी आधी तेच पाहते, रंग त्यानंतर.

आता ब्लीचकडे. आतून वापरायच्या बहुतेक सगळ्या रसायनांमधून शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडच सुटतं. मार लागल्यावर नसेतलं रक्त दाताच्या सूक्ष्म नळ्यांमध्ये शिरतं, हिमोग्लोबिनचं विघटन होतं आणि त्यातल्या लोहामुळे दात काळपट होतो. पेरॉक्साइड हे रंगीत रेणू तोडतं. पण ते रंग आणि दात यांत भेद करत नाही. डेंटिनमध्ये वजनाने साधारण 70 टक्के खनिज, 20 टक्के सेंद्रिय भाग आणि उरलेलं पाणी असतं. सेंद्रिय भागात मुख्यतः कोलॅजन. दाताला लवचीकपणा देणारं हे कोलॅजन पेरॉक्साइडच्या माऱ्यात सापडू शकतं. शिवाय तीव्र पेरॉक्साइडचे द्रव आम्लधर्मी असतात, त्यामुळे थोडं खनिजही विरघळतं. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांची शंका निराधार नाही, हे मान्य करायला हवं.

प्रश्न मात्रेचा आहे. 1994 मध्ये लेविनस्टीन आणि सहकाऱ्यांनी 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाण्यात कालवलेलं सोडियम परबोरेट (पेरॉक्साइड सोडणारी पूड) यांची तुलना केली. पहिल्याने एनॅमल आणि डेंटिन दोन्हींची सूक्ष्म कठिणता घटली, दुसऱ्याने घटली नाही. पुढे 2002 मध्ये चंग, पलामारा आणि मेसर यांनी डेंटिन ओढून आणि कातरून पाहिलं, तेव्हा ब्लीचने ते कमकुवत होत असल्याचं दिसलं, आणि त्यातून परबोरेटही पूर्ण सुटलं नाही. अख्खा दात दाबून मोडण्याच्या प्रयोगांचे निष्कर्षही एका सुरात नाहीत. काहींत फरक दिसतो, काहींत नाही. एकत्र पाहिलं तर कल असा दिसतो: तीव्रता, तापमान आणि वेळ वाढेल तसं नुकसान वाढतं, आणि या तिन्ही गोष्टी डॉक्टरांच्या हातात असतात.

हे सगळे प्रयोग काढलेल्या दातांवरचे आहेत, हेही ध्यानात घ्या. डेंटिनची पातळ चकती रसायनात बुडवून ठेवली की तिला सगळीकडून मारा बसतो. तोंडातल्या दातात पेस्ट फक्त मुकुटाच्या, म्हणजे हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागाच्या, आतल्या पोकळीत असते. दुसरीकडे, प्रयोगशाळेत दात एका दणक्यात मोडतात, तर तोंडात तो वर्षानुवर्षं रोज हजारो वेळा थोडाथोडा दाब सोसत असतो. म्हणून प्रयोगाचा आकडा जसाच्या तसा तुमच्या दाताला लावणं दोन्ही बाजूंनी चूक ठरेल. त्यातून दिशा मात्र कळते, आणि मी माझी पद्धत त्या दिशेनेच ठेवली आहे. 30-35 टक्के पेरॉक्साइड मी आत ठेवत नाही, आणि उष्णतेचा वापर तर मुळीच नाही.

मी वापरते ती ‘वॉकिंग ब्लीच’ पद्धत, म्हणजे औषध दातात बंद करून रुग्णाला घरी पाठवायचं. ही जुनी आहे. पाण्यात कालवलेलं परबोरेट दातात ठेवण्याची पद्धत स्पासर यांनी 1961 साली मांडली. 1963 मध्ये नटिंग आणि पो यांनी पाण्याऐवजी 30 टक्के पेरॉक्साइड घालून तिचा वेग वाढवला. वेग वाढतो खरा, पण माझ्या मते काही दिवस वाचवण्यासाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही. साध्या पाण्यातल्या परबोरेटनेही रक्तामुळे आलेला डाग बहुतेक वेळा उतरतो. फक्त एखाद-दुसरी फेरी जास्त लागते.

ताकद खरी कुठे जाते, तर ड्रिलखाली. दात पुन्हा उघडताना ‘काळं दिसतंय तेवढं कोरून काढू’ असा मोह होतो. पुढच्या भिंतीचं डेंटिन आतून कोरलं की दात त्याच वेळी थोडा उजळ दिसतो, म्हणून तर मोह. पण वरच्या पुढच्या दातावर खालचे दात मागून तिरके आदळतात आणि तो ताण दाताच्या मानेपाशी, हिरडीच्या रेषेजवळ, गोळा होतो. तिथलं डेंटिन म्हणजे दाताचं मुद्दल, ते रंगासाठी खर्ची घालायचं नाही. मी जुनं फिलिंग काढते, पोकळीत राहिलेलं सीलर आणि गटा पर्चा (रूट कॅनल भरायचे सिमेंट आणि रबरासारखा पदार्थ) साफ करते, चावण्याच्या कडेकडच्या दोन्ही कोपऱ्यांत नसेचे अवशेष अडकलेले असतात ते काढते, आणि तिथेच थांबते. ब्लीचच्या आधी पोकळीत आम्ल लावून नळ्या मोकळ्या करण्याचा जुना सल्लाही मी पाळत नाही. त्याने रंगात विशेष फरक पडत नाही, औषध मात्र नको तिथे जास्त खोल शिरू शकतं.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत तीच सुटते. गटा पर्चा मानेच्या रेषेपासून मुळाच्या दिशेने दोन-तीन मिलिमीटर आत कापायचा आणि त्यावर ग्लास आयनोमर या दातांच्या सिमेंटचा किमान 2 मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा. औषध मुळाकडे उतरू नये म्हणून हा बांध. हा बांध सपाट भरला की चुकलंच. वरच्या पुढच्या दाताचा एनॅमल जिथे संपतो ती रेषा सरळ नसते. ओठाच्या आणि टाळूच्या बाजूला ती मुळाकडे झुकते, तर शेजारच्या दातांकडच्या दोन्ही बाजूंना चावण्याच्या कडेकडे वर चढते. बांध समोरच्या बाजूच्या मापाने सपाट ठेवला, तर त्या दोन बाजूंच्या नळ्या उघड्या राहतात आणि औषध नेमकं तिथून बाहेर हाडाच्या दिशेने झिरपतं. म्हणून बाहेरून हिरडीच्या आत प्रोब (मापाच्या खुणा असलेली बारीक सळी) घालून समोरची आणि दोन्ही शेजारची, अशी तिन्ही ठिकाणची उंची मोजायची आणि बांधाला तसाच चढउतार द्यायचा. 1994 मध्ये स्टायनर आणि वेस्ट यांनी हे फार नीट मांडलं. तुमचे डॉक्टर हे माप घेतात का, हे त्यांना जरूर विचारा. कामात मुरलेल्या डॉक्टरांना हा प्रश्न खटकणार नाही.

पुढचं काम सोपं आहे. परबोरेट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओल्या वाळूइतकं घट्ट कालवायचं, पोकळीत भरायचं, कापसाच्या बोळ्याने दाबून जास्तीचं पाणी टिपायचं, कडा स्वच्छ करून वर दोन-तीन मिलिमीटर जाडीचं तात्पुरतं सिमेंट बसवायचं. आठवड्याने पाहायचं, गरज असेल तर पेस्ट बदलायची. सहसा दोन ते चार फेऱ्यांत काम होतं. चार फेऱ्यांनंतरही दात ढिम्म असेल तर मी थांबते. तो डाग बहुधा रक्ताचा नसतो. जुन्या चांदीच्या फिलिंगमधून उतरलेल्या धातूचा किंवा काही औषधांचा असतो. तिथे ब्लीच रेटत राहिलं की फायदा शून्य, डेंटिनला मात्र भुर्दंड.

आणि आता ब्लीच संपल्यानंतरचं काम. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे, तरी याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. ब्लीच झालेल्या डेंटिनमध्ये ऑक्सिजन अडकून राहतो. कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) आणि त्याखालचा बाँड (ते चिकटवणारा थर) लाइटने कडक होताना ऑक्सिजनच त्यात अडथळा आणतो. त्याच दिवशी कायमचं फिलिंग केलं तर ते वरून छान दिसतं, पण आत धरलेलं नसतं. सैल फिलिंगमधून लाळ आणि जंतू आत जातात, रंग परत येतो, आणि मुख्य म्हणजे पोकळ दाताला आतून जो आधार मिळायला हवा होता तो मिळत नाही. म्हणून पोकळी धुऊन त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवायचं, वर पुन्हा तात्पुरतं सिमेंट, आणि किमान दोन आठवडे थांबायचं. जमलं तर मी तीन थांबते. मगच कंपोझिट. घट्ट चिकटलेलं कंपोझिट भिंतींना आतून बांधून ठेवतं आणि गेलेली ताकद बऱ्याच अंशी भरून काढतं. ब्लीच केलेला दात कमकुवत राहिला असेल तर त्यामागे ब्लीचपेक्षा ही घाई असण्याची शक्यता जास्त.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: सौम्य औषध, उष्णता नाही, आतलं डेंटिन कोरायचं नाही, बांध मापाने, आणि फिलिंगची घाई नाही. एवढं पाळलं तर ताकदीतली घट इतकी कमी राहते की तेवढ्यासाठी ब्लीच टाळावं असं मला वाटत नाही.

आता तुम्ही न विचारलेला, पण तुमच्या बाबतीत ज्याची मला जास्त काळजी आहे तो मुद्दा. आतल्या ब्लीचचा मोठा धोका दात मोडण्याचा नाही. दात मानेपाशी बाहेरून विरघळण्याचा आहे. शरीराच्याच पेशी मुळाचा वरचा भाग खायला लागतात. हॅरिंग्टन आणि नॅटकिन यांनी 1979 साली अशा 7 दातांची नोंद केली आणि दंतवैद्यांचं लक्ष वेधलं गेलं. कमी वयात लागलेला मार, तीव्र पेरॉक्साइड, उष्णता आणि बांधाचा अभाव, हे घटक अशा प्रकरणांत वारंवार दिसतात. यातला पहिला घटक तुमच्याकडे आहेच. तो बदलता येत नाही, म्हणूनच बाकीच्या तिन्हींत सवलत घ्यायची नाही. दाताला नस नसल्याने हे दुखत नाही. कधी मानेजवळ गुलाबी ठिपका दिसतो, बरेचदा काहीच दिसत नाही आणि थेट एक्स-रेमध्ये कळतं. मार लागलेल्या दातात हे ब्लीचशिवायही होऊ शकतं, त्यामुळे सुरू करण्याआधी दाताची मान नीट तपासून घ्या. एक्स-रेत शंका आली तर त्या एका दाताचा सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) काढणं योग्य. आधीच सुरुवात झालेली असेल तर ब्लीच नाही, आधी त्याचे उपचार.

कॅपबद्दल दुसऱ्या डॉक्टरांशी माझं पटत नाही ते का, तेही सांगते. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी 2002 मध्ये मोजलं, तर पुढच्या दातांना पूर्ण कॅपसाठी तयार करताना मुकुटाचा वजनाने 63 ते 72 टक्के भाग घासला जात होता. व्हिनिअरसाठी, म्हणजे दाताच्या समोरून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यासाठी, हे प्रमाण प्रकारानुसार 3 ते 30 टक्के होतं. आतून आधीच पोकळ असलेला दात बाहेरूनही एवढा घासला की मानेपाशी पातळ नळी उरते, मग तिला आधार म्हणून पोस्ट (मुळात बसवायची दांडी) घालायचा, त्यासाठी मुळातलं डेंटिन काढायचं, आणि पोस्ट स्वतः मुळाला बळकटी देत नाही, तो फक्त वरचं बांधकाम धरून ठेवतो. एका रंगाच्या तक्रारीसाठी एवढी साखळी सुरू करू नये. शिवाय काळा दात कॅपखाली झाकला तरी हिरडीजवळची करडी सावली पुष्कळदा दिसत राहते. पुढेमागे कॅप लागलीच तरी आधी दात उजळलेला असणं फायद्याचंच.

पण कॅप योग्य ठरते अशी परिस्थितीही असते, आणि ती तुमच्या दातात असू शकते. दोन्ही बाजूंना मोठी फिलिंग्ज, समोरची भिंत पातळ, दातावर आडवा प्रकाश टाकल्यावर दिसणारी चीर, किंवा आधीच मोठा तुकडा उडालेला. अशा दाताला ब्लीच करायचं की नाही हा प्रश्न दुय्यम, त्याला आधार लागणारच. तेव्हाही मुळावर हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर दात शिल्लक आहे का ते पाहायचं, कारण कॅपची खरी पकड तिथेच. आणि दाढ किंवा उपदाढ असती तर माझं उत्तरच वेगळं असतं. चावण्याचा पूर्ण भार घेणाऱ्या, कडा गेलेल्या दाढेला वरून झाकण हवंच, रंग काहीही असो.

तुमचं रूट कॅनल बारा-तेरा वर्षं जुनं आहे, हेही विसरू नका. ब्लीचसाठी ते उघडायचं म्हणजे त्याचं झाकण काढायचं. मुळाच्या टोकाला सावली दिसत असेल, भराव अर्धवट असेल किंवा जुनं फिलिंग गळत असेल, तर आधी रूट कॅनल पुन्हा करून घ्या. गळक्या भरावावर ब्लीच करणं म्हणजे पैसे वाया.

ब्लीच सुरू झाल्यापासून कायमचं फिलिंग होईपर्यंत दात सगळ्यात नाजूक असतो. आत पोकळी, वर तात्पुरतं सिमेंट. या काळात त्या दाताने ऊस सोलायचा नाही, मक्याचं कणीस, पेरू, चिक्की पुढच्या दातांनी तोडायची नाही. चपाती-भाजी, भात, नेहमीचं जेवण चालतं. सिमेंटचा तुकडा निघाला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा, कारण औषध धुऊन जातं आणि लाळ आत शिरते. अजून क्रिकेट खेळत असाल तर काम पूर्ण होईपर्यंत थांबा, आणि नंतर मापाचा माउथगार्ड करून घ्या. एकदा मार लागलेल्या दाताला दुसरा मार परवडत नाही.

रंगाबद्दलही आधीच सांगून ठेवते. काही वर्षांत थोडा रंग परत येऊ शकतो, म्हणून मी शेजारच्या दातापेक्षा किंचित उजळ झाल्यावर थांबते. परत आला तर पुन्हा ब्लीच करता येतं, पण दर दोन वर्षांनी उघडत बसू नये. प्रत्येक वेळी फिलिंग काढताना थोडा दात जातोच. अशा वेळी पातळ व्हिनिअरचा विचार करणं बरं.

फिलिंग झाल्यावर सहा महिन्यांनी एक एक्स-रे, नंतर वर्षाला एक, निदान पहिली काही वर्षं. ब्लीचच्या आधीचा एक्स-रे डॉक्टरांकडून मागून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा. नोकरीसाठी गाव बदललं तरी पुढच्या डॉक्टरांना मानेजवळची कड जुन्या फोटोशी ताडून पाहता येईल, आणि विरघळणं सुरू झालंच असेल तर ते लहान असतानाच हाती लागेल.